७४ रुपये रोज: येरवड्याच्या सतरंजीचा हिशोब

हेडफोन लावलेत ना? आज विषय थोडा वेगळा आहे. तुरुंगातल्या कैद्यांच्या कामातून खरंच नफा होतो का, आणि झाला तर तो कुणाचा?

सुरुवात माझ्या घरापासून करतो. आमचं गाव निमगाव केतकी. तुकोबांची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते, त्यामुळे आषाढीच्या आधी मी सुट्टी काढून गावी जातोच. यंदा जाताना येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रातून एक सतरंजी घेतली. अप्पांनी उलटीपालटी करून बघितली, म्हणाले, ‘‘वीण घट्ट हाय.’’ कुठून आणली ते सांगितलं तर लगेच हात मागं घेतला. ‘‘जेलातली? फुकट खात्यात आन् वर सरकार त्यांच्या जिवावर धंदा करतंय व्हय?’’

एका वाक्यात दोन आरोप, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट! मी वाद घातला, पण हातात आकडे नव्हते. इंजिनिअर माणूस, आकड्यांशिवाय हरलो. मग बसून वाचलं.

पहिली गोष्ट, काम सगळ्यांना सक्तीचं नसतं. सक्तमजुरीची शिक्षा झालेल्यांनाच ते करावं लागतं. १८९४ च्या तुरुंग कायद्यात त्याला दिवसाला ९ तासांची मर्यादा आहे. खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांवर सक्ती करता येत नाही. आणि २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातले ७५ टक्क्यांहून जास्त कैदी कच्चेच होते. म्हणजे जेल गच्च भरलेलं, तरी कारखान्याला माणसं मर्यादितच.

दुसरी गोष्ट मजुरी. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ मध्ये दर वाढले. कुशल कैद्याला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या वसाहतीत ९४. आमच्याकडे खुरपणीला ३०० रुपये देऊनही माणूस मिळत नाही, हे अप्पांनाही माहितीये.

मग नफाच नफा असेल, असं वाटतं ना? मलाही वाटलं. पण असा विचार करा: तुमच्या टीममधला माणूस काम शिकला की सुटून जातो. सकाळ-संध्याकाळ मोजणी, मध्येच कोर्टाची तारीख, प्रत्येक हत्याराची नोंद, शेजारी पहारा. त्यातून मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकारी खाती. मजुरी स्वस्त पडते, पण काम करून घेणं स्वस्त पडत नाही. आणि खरं सांगू का, फक्त कारखान्याचा ताळेबंद बघणं म्हणजे अख्ख्या ॲपचा एकच स्क्रीन तपासून ‘सगळं चालतंय’ म्हणण्यासारखं आहे.

कारण मजुरी जाते कुठं, तेही बघायला पाहिजे. शाळेत माझ्यासोबत एक मुलगा होता. नाव सांगत नाही. त्याचे वडील आत होते. अधूनमधून त्यांची मनीऑर्डर यायची. रक्कम किरकोळ असायची. पण त्या दिवशी तो वह्या घ्यायला दुकानात ताठ मानेनं जायचा. हे कुठल्या ताळेबंदात धरणार?

सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात हेच सांगितलं: सक्तमजुरी वैध आहे, पण तिचा रास्त मोबदला द्या. जेवण-कपड्यांचा खर्च त्यातून कापता येईल. आणि एक वाटा ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांना मिळावा. म्हणजे ‘फुकट खातात’ला उत्तर आहे, पण ते नीट अमलात यायचं तर मुळात मजुरी तेवढी हवी. ७४ रुपयांत जेवण कापायचं किती, घरी पाठवायचं किती आणि पीडिताला द्यायचं किती?

काम वाटून देण्यातही खोट होती. कुठं झाडू कुणी मारायचा, हे जातीवरून ठरायचं. ते घटनाबाह्य आहे, असा निकाल यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला!

पण चांगलं काही घडलंच नाही, असं नाही. २०२२ मध्ये येरवड्यात राज्य सहकारी बँकेनं ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू केली: मजुरीच्या जोरावर ५०,००० रुपयांपर्यंत, ७ टक्क्यांनी, तारणाशिवाय. कैद्याच्या कमाईला बँकेनं पत दिली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९३९ मध्ये, औंध संस्थाननं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कैदी कुटुंबासोबत राहायचे, शेती करायचे, भिंत नाही. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला.

हे सगळं मी अप्पांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘सतरंजी विणाय शिकला, सुटला. फुडं? तुझ्या हापिसात घेत्याल त्याला?’’

मला उत्तर देता आलं नाही. जॉइन होताना माझीही पार्श्वभूमी तपासली गेली होती. त्याचा अर्ज आमच्याकडं पहिल्याच चाळणीत बाद होईल.

माझ्यापुरता हिशोब असा: जेलच्या कारखान्याचा नफा वर्षाअखेर दिसत नाही. सुटलेला माणूस परत आत आला नाही, तर तो नफा. आणि त्यातलं निम्मं काम जेलच्या बाहेर, तुमच्या-माझ्या हातात आहे.

बाय द वे, पालखीच्या रात्री ती सतरंजी ओसरीवर अंथरली होती. चार वारकरी तिच्यावर झोपले. अंथरली कुणी, ते आईनं सांगितलं नाही.

तुम्ही सुटून आलेल्या माणसाला कामावर ठेवाल? व्हॉइस नोट पाठवा, खरं-खरं बोला. भेटू पुढच्या एपिसोडला. राम कृष्ण हरी!