पहिलं पिस्तूल घेताना

जळकोट-नळदुर्ग भागात कुणाला नेमबाजीचा नाद लागलाच, तर पहिलं पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं एअर पिस्तूलच घ्यावं. २० ज्यूलच्या आतल्या अशा पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. दुकानात दिमाखावर भुलू नका, मूठ बघा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, डोळे मिटा, हात सरळ करून ते भिंतीकडे रोखा. डोळे उघडल्यावर पुढची खूण मागच्या खाचेत नीट बसलेली दिसली, तर ते तुमच्या हाताचं. स्पर्धेत ते एकाच हातानं धरायचं, आणि १० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं! २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत आपल्या कोल्हापूरचीच. शक्य असेल तर आधी क्लबचं पिस्तूल महिनाभर चालवा. पैसे मग मोजा.