बायकांनी रस्त्यावर धावावे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज धावण्याविषयी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण गेली तीन वर्षे आम्ही नऊजणी पहाटे रंकाळ्याच्या रस्त्याला धावतो. त्यावरून गल्लीत जे प्रश्न निघतात, त्यांची उत्तरे एकदा सर्वांसमोर द्यावीत असे मलाही वाटत होते.

पहिला प्रश्न असा की, हे परक्यांचे खूळ आपल्याला कशाला? मॅरेथॉन हे नाव परके खरे, पण लांब पळणे आपल्या मुलखाला नवे नाही. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकरी गडी अनवाणी धावले. ते पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात आले की, ही माणसे ऑलिंपिकला का जाऊ नयेत? पुढच्याच वर्षी, १९२० साली, आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. बेचाळीस किलोमीटरहून अधिक अंतर त्यांनी तीन तासांच्या आत तोडले.

दुसरा प्रश्न मोठा आहे. बायकांच्या प्रकृतीला हे झेपते काय? ही शंका आपल्याच गल्लीतली नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर त्या कशा दमल्या याची वर्णने वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून छापली, आणि १९६० पर्यंत बायकांना ऑलिंपिकमध्ये २०० मीटरपेक्षा लांबची शर्यतच ठेवली नाही. दमलेला पुरुष शूर ठरतो आणि दमलेली बाई नाजूक ठरते, हा न्याय सगळीकडे एकच! १९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या शर्यतीत कॅथरिन स्विट्झर ही मुलगी धावत असता एक अधिकारी तिच्या अंगावरचा नंबर ओढून काढायला धावला. तरी तिने शर्यत पुरी केली. त्या शर्यतीत बायकांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली. म्हणजे चौगुल्यांनंतर चौसष्ट वर्षांनी!

आणि आपल्या लेकींनी काय केले? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत पहिली येत गेली आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली. माण म्हणजे दुष्काळी मुलूख. तिथल्या मुलीचे पाय कमी पडले नाहीत, मग आपले कसे पडतील?

आता आमच्याविषयी. आम्ही काही पदके आणणाऱ्या नव्हे. पहिला महिनाभर दोन मिनिटे पळायचे, दोन मिनिटे चालायचे, एवढेच केले. नियम एकच, शेजारणीशी बोलत बोलत धावता आले पाहिजे. गप्पा बंद पडल्या की वेग जास्त झाला असे समजावे. हा नियम बायकांना फार मानवतो! आठवड्यातून एकदाच लांब पळायचे आणि अंतर थोडे थोडे वाढवायचे. गुडघे, रक्तदाब, शुगर यांची तक्रार असेल तिने आधी डॉक्टरांना विचारावे. बूट मात्र मापाचेच हवेत, मुलाचे जुने चालत नाहीत.

धावण्याचा हंगाम आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी सुरू होतो. गेल्या हंगामात सप्टेंबरात आमच्यातल्या पाचजणी साताऱ्याला गेल्या. तिथे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचे आणि तसेच परत यायचे. अंतर एकवीस किलोमीटर. जाताना दम निघतो आणि उतरताना गुडघे बोलतात. मला तीन तास नऊ मिनिटे लागली. डिसेंबरात दोघी पुण्याला आणि जानेवारीत एकटी मुंबईला जाऊन आली. थंडीच्या दिवसांत कारखाने सुरू असतात. पहाटे केर्लीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक येतात, म्हणून आम्ही शिवाजी पुलाच्या पुढे जात नाही. होळीनंतर ऊन चढले की हंगाम संपला.

लोक बोलायचे ते बोलतात. एकदा एका गृहस्थांनी स्कूटरवरून विचारले, "काय वैनी, कुठं आग लागलीया?" आमच्यातल्या अठ्ठावन्न वर्षांच्या काकू पळता पळताच म्हणाल्या, "आग न्हाई दादा, शुगर लागलीया!" हेच गृहस्थ आता आम्हांला पाहिले की हात वर करतात.

पण मैत्रिणींनो, लोकांच्या बोलण्याने कोणी बाई धावायची थांबल्याचे मी पाहिले नाही. थांबल्या त्या वेगळ्या कारणाने. आम्ही सुरुवातीला चौदा होतो, आता नऊ आहोत. पाचजणी गेल्या त्यांत पायाचे दुखणे एकीचेच होते. बाकी चौघींच्या घरी पहाटेचा चहा कोणी करायचा, डबा कोणी भरायचा, पाणी आल्यावर कोणी भरून ठेवायचे, हा प्रश्न सुटला नाही. त्यातली एक तर आम्हां सगळ्यांत चपळ होती. अजून आम्ही जाताना ती दारात पाणी भरत असते आणि आमच्याकडे बघत उभी राहते. मला त्याचे फार वाईट वाटते.

बायकांना पाय कधीच कमी नव्हते. कमी आहे तो पहाटेचा एक तास, आणि अंधारात कोणी सोबत. या दोन्ही गोष्टी देणे आपल्या हातात आहे. त्यासाठी सरकारकडे अर्ज करावा लागत नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. सासूबाईंना विनंती अशी की, आठवड्यातून तीन दिवस सुनेला तो तास द्यावा, आणि जमत असेल तर स्वतःही सोबत चालावे. घरातल्या पुरुषांनी त्या तीन दिवशी चहा करावा. चहा बेचाळीस किलोमीटर लांब नसतो! आणि मंडळाला विनंती अशी की, सोमवार, बुधवार, शनिवार पहाटे साडेपाचला मंडळाच्या दारातून निघायचे असे ठरवावे, म्हणजे कोणालाही एकटीने अंधारात निघावे लागणार नाही. सर्वांत मागे राहील तिच्याबरोबर आमच्यातली एक कायम राहील, हे वचन मी नऊजणींच्या वतीने देते.

येत्या सोमवारी कोण कोण येणार, त्यांनी चहापानाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.