विझलेल्या भट्टीची उष्णता



अणुभट्टी बंद करणे अवघड नाही. नियंत्रक दांडे आत सोडले की विभंजनाची साखळी क्षणार्धात तुटते. अवघड असते ते पुढचे. चुलीतली लाकडे ओढून घेतली तरी निखाऱ्यांवर दूध उतू जाते, हे येथील भगिनींना मी सांगायला नको. बंद होताक्षणी अणुभट्टीत पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता उरते. तासाभरानंतरही टक्का-दीड टक्का. ती दिवसचे दिवस बाहेर काढीत राहावे लागते. ११ मार्च २०११ रोजी जपानात फुकुशिमा येथे भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पाऊण तासाने समुद्राची लाट आली, जनित्रे बुडाली, आणि तीन बंद भट्ट्यांतील इंधन वितळले.

मग पंपावाचून निभावेल अशी भट्टी बांधता येईल काय? अमेरिकेत आयडाहोच्या माळरानावर ३ एप्रिल १९८६ रोजी याची परीक्षा झाली. ईबीआर-२ ही भट्टी लहानशीच, सुमारे २० मेगावॅट विजेची. तिचा गाभा वितळलेल्या सोडियमच्या मोठ्या हौदात बुडालेला. ती पूर्ण शक्तीवर चालू असताना मुख्य पंप मुद्दाम थांबविले. दांडे आपोआप सोडणारी यंत्रणा अगोदरच अडवून ठेवली होती. तापमान झपाट्याने चढले. पण धातूचे इंधन व त्याभोवतालची चौकट तापून प्रसरण पावली, तसे अधिकाधिक न्यूट्रॉन गाभ्याबाहेर निसटू लागले, विभंजन मंदावले आणि भट्टी आपली आपणच निवली. उरलेली उष्णता सोडियमच्या स्वाभाविक अभिसरणाने हौदात पसरली. त्याच दिवशी दुपारी उष्णता बाहेर नेण्याची वाटच बंद करून पाहिली. भट्टी त्यालाही पुरून उरली.

तेवीस दिवसांनी, २६ एप्रिलला, चेर्नोबिल येथेही एक प्रयोगच चालला होता. रक्षक यंत्रणा तेथेही अडविल्या होत्या. पण त्या भट्टीची घडण उलटी! पाण्याची वाफ होऊ लागली की शक्ती घटण्याऐवजी वाढे. दांड्यांच्या टोकांना ग्राफाइट असल्यामुळे ते आत शिरतानाही ती प्रथम वाढलीच. चालकांच्या चुका झाल्या, हे खरे. परंतु नकाशावर झालेली चूक रात्रपाळीच्या माणसाने निस्तरावी, ही अपेक्षा मला तरी न्याय्य वाटत नाही.

सोडियमचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. पाणी लागताच ते पेट घेते. १९९५ च्या डिसेंबरात जपानच्या मोंजू भट्टीत त्याच्या गळतीने आग लागली.

राहिला चोराचिलटाचा प्रश्न. तोही नकाशावरच सोडवावा लागतो. ईबीआर-२ च्या शेजारच्याच इमारतीत १९६४ ते १९६९ या काळात वापरलेले इंधन जाड भिंतींआडून यांत्रिक हातांनी शुद्ध करून पुन्हा भट्टीत घालीत. ते गावोगाव हिंडत नसे, आणि इतके किरणोत्सर्गी असे की कोणी उचलून नेऊ म्हणता नेता येऊ नये. तरीही, शुद्धीकरणाची विद्या ज्याच्या हाती आहे त्याला बॉम्बच्या द्रव्याची वाट सापडेल, असा आक्षेप राहिलाच. १९९४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमधील वादात तो गाजला, आणि त्याच वर्षी ईबीआर-२ कायमची बंद करण्यात आली.