कॅक्टसचे कलम : वाढीचा वेग आणि त्याचे मोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हेब्बाळ येथे दिलेले भाषण)



१९६४ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे हेब्बाळचे नाव शेतीशास्त्राशी कायमचे जोडले गेले आहे. अशा ठिकाणी माझ्यासारख्या, बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या फायलींत केस पिकवलेल्या माणसाने वनस्पतींविषयी बोलावे, हे धाडसच होय. परंतु छंदाला पदवी लागत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या गच्चीवर कॅक्टसच्या कुंड्या आहेत, आणि एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो : एकाच दिवशी, एकाच हाताने बांधलेल्या दोन कलमांपैकी एक भराभर वाढते आणि दुसरे जेथल्या तेथे राहते, असे का?

आधी एक खुलासा. ‘निवडुंग’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला. त्याला कापले की पांढरा चीक येतो. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेचा. या दोन कुळांचे एकमेकांवर कलम टिकत नाही. खालचा खुंट आणि वरचा शेंडा, दोघेही कॅक्टसच्याच कुळातले हवेत.

आता पहिले कारण : जोड. कॅक्टसचे खोड आडवे कापले की मध्यभागी फिकट वलय दिसते. ते रसवाहिन्यांचे वलय. खुंटाचे आणि शेंड्याचे वलय निदान एके ठिकाणी तरी एकमेकांवर आले पाहिजे. म्हणून दोन्ही वलयांचे आकार भिन्न असतील तर शेंडा किंचित बाजूला सरकवून बसवतात. काप ओला असतानाच जोडावा आणि रबराच्या पट्ट्याने आठ-दहा दिवस दाबून धरावा. जोड जितका पुरा, तितका रसाचा ओघ मोठा.

दुसरे कारण, खुंटाचा पिंड. ट्रायकोसेरियसचा जाड खुंट सावकाश पण दीर्घकाळ पोसतो. हायलोसेरियसचा तिधारी वेल झपाट्याने पोसतो. हा तोच गण, ज्याचे ‘ड्रॅगन फ्रूट’ आज सांगली-सोलापूरकडच्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. सर्वांत चपळ पेरेस्किऑप्सिस. या कॅक्टसला चक्क पाने असतात. बहुतेक कॅक्टस पाणी वाचवण्यासाठी दिवसा रंध्रे मिटून घेतात आणि रात्री हवेतील कर्बवायू घेतात. त्यामुळे त्यांची मिळकत बेताची. पेरेस्किऑप्सिसची पाने, पाणी भरपूर असताना, साध्या झाडांप्रमाणे दिवसाही हे काम करतात. म्हणून काही आठवड्यांची इवली रोपे त्यावर बांधली तर ती कित्येक पटींनी लवकर वाढतात.

तिसरे कारण, वेळ आणि वय. खुंट वाढीला लागलेला, रसरशीत हवा. लाकडासारखा झालेला नको. बंगळूरची सौम्य हवा याला अनुकूल आहे, परंतु पावसाळ्यातील ओल कापावर बुरशी आणते. खुंट थोडा उंच ठेवल्यास त्याचा हिरवा पृष्ठभाग अधिक राहतो आणि पोषणही अधिक मिळते.

मात्र वेग फुकट मिळत नाही. दुकानात दिसणारा लाल गोळा घ्या. हरितद्रव्य नसलेली ही जात जपानमध्ये १९४१ साली वातानाबे यांनी रोपांतून निवडली. स्वतःच्या मुळांवर ती जगूच शकत नाही. हायलोसेरियसवर ती झटपट सजते; पण काही वर्षांत खुंट थकतो आणि दोघेही जातात. अतिवेगाने वाढलेली कलमे फुगीर, मऊ होतात. काटे विरळ पडतात, कधी अंगही तडकते. उलट, मुळे कुजलेले जुने, दुर्मिळ झाड वाचवायचे असेल, तर कलम हा एकच उपाय हाती उरतो. तेथे संथ, टिकाऊ खुंटच घ्यावा.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा आहे असे मात्र समजू नये. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांनी, विशेषतः १९९० नंतर, टंचाई आणि क्षारयुक्त पाण्यावर उपाय म्हणून ‘डॉगरिज’ खुंट स्वीकारला. वेली तगल्या, जोमदार झाल्या. पण जोम अनावर झाला की काडीत घड कमी धरतात, असाही अनुभव आला. पाने वाढली म्हणजे फळ वाढले असे नव्हे. लाखो रुपयांच्या बागेला लागू पडणारा हा नियम आपल्या चार इंची कुंडीलाही लागू आहे.

तेव्हा खुंट निवडण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : मला लवकर फूल हवे आहे, की हे झाड माझ्या नातवंडांना दाखवायचे आहे? पहिल्यासाठी पेरेस्किऑप्सिस, दुसऱ्यासाठी ट्रायकोसेरियस. आणि ज्या झाडाची मुळे निरोगी आहेत, त्याला मुळीच कापू नये. ते आपल्या गतीने वाढेल.

आपल्या मंडळाने परक्या मातीत पन्नास वर्षे काढली, ती घाईने नव्हे, तर जोड पक्का होता म्हणून. त्याचा विस्तार असाच सावकाश आणि निकोप होवो, ही सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.