आकाशातल्या तराजूचा पासंग



भाजी घेण्यापूर्वी आपण रिकामी पारडी पाहतो. पासंग कळल्यावाचून वजनाचा भरवसा नाही. मी काही वर्षे केलेले काम याच जातीचे. तराजू मात्र जमिनीपासून सुमारे ६८० किलोमीटर उंच फिरणारा!

जपानने २३ सप्टेंबर २००६ रोजी ‘हिनोदे’ नावाचा उपग्रह सोडला. हिनोदे म्हणजे सूर्योदय. त्यावरील एक यंत्र सूर्याच्या लाखो अंश तापलेल्या बाह्य वातावरणाचा अतिनील प्रकाश रेषारेषांत वेगळा करते. रेषा ठरल्या जागेवरून निळ्या बाजूस सरकली, तर तिथला वायू आपल्याकडे येत आहे. तांबड्या बाजूस सरकली, तर दूर जात आहे. सूर्यावरून सुटणारा वारा कुठून निघतो, हे त्यावरून शोधायचे.

पण सरकणे फारच सूक्ष्म. यंत्राच्या प्रकाशपटलावरील एका ठिपक्याची रुंदी म्हणजे सेकंदाला सुमारे ३४ किलोमीटरचा वेग. आणि आम्हांला हवा असतो पाच-दहाचा! उपग्रह ९८ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतो. तेवढ्यात यंत्र थोडे तापते, थोडे निवते, आणि सूर्यावर काही न घडताही साऱ्या रेषा एक-दोन ठिपके हलतात. हा पासंग काढला नाही, तर नसलेला वारा कागदावर वाहू लागतो.

जमिनीवरच्या वेधशाळेत ताडून पाहायला दिवा असतो. इथे तो नाही. मग यंत्रातल्या तापमापकांच्या नोंदींवरून रेषांचे हलणे वजा करायचे, आणि शांत सूर्याचा सरासरी वेग शून्य धरायचा. हे शून्य मोजलेले नव्हे, मानलेले आहे. वेगाचा आकडा छापणाऱ्याने ते शेजारीच लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय यंत्राची नजरही मंदावते. रेषा फिकी दिसली, तर सूर्य फिका की यंत्र? ६ नोव्हेंबर २००७ रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतून एक अग्निबाण सोडला. प्रयोगशाळेत पारखलेल्या त्यातल्या यंत्राने काही मिनिटे सूर्य पाहिला, आणि दोन्ही मापे ताडली. अग्निबाण काही रोज उडवता येत नाहीत! म्हणून लोखंडासारख्या मूलद्रव्यांच्या अशा जोडरेषा घेतात, की ज्यांच्या तेजाचे प्रमाण अणुशास्त्राने ठरलेले असते. प्रमाण बिघडले, तर दोष यंत्राचा. या रीतीने २०१३ साली दिसून आले, की लांब तरंगांच्या बाजूची नजर काही वर्षांतच सुमारे निम्म्यावर आली होती. त्या बाजूच्या तेजावर बेतलेले आधीचे हिशेब पुन्हा मांडावे लागले.