पाकिटाची मागची बाजू

सकाळची धुणी-भांडी उरकून रेडिओ लावला असेल, तर आज एक काम करा. घरात नाश्त्याचं जे काही तयार पाकीट असेल, मग ते उपम्याचं असो, पोह्यांचं, नूडल्सचं नाहीतर बिस्किटांचा पुडा, ते हातात घेऊन बसा. त्याच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते आज आपण मिळून वाचू या.

हा विषय का घेतला ते आधी सांगते. माझ्या सासूबाईंना चार वर्षांपासून बीपीचा त्रास आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हा घरातलं लोणचं बंद झालं, पापड बंद झाला, भाजीतही मीठ हात राखून पडायला लागलं. तरी बीपी काही खाली येईना. मी गटांच्या बैठकांसाठी सकाळी आठलाच घराबाहेर पडते. म्हणून त्यांच्यासाठी गरम पाणी ओतलं की तयार होणारे उपम्याचे कप आणून ठेवायचे. एका तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी सकाळी काय खातात?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या कपावरचं सोडियम वाचलंय का कधी?"

मी बीए झालेली बाई. गटातल्या बायकांना पासबुक वाचायला शिकवते. पण ती बारीक अक्षरं मी कधी वाचली नव्हती.

घरी येऊन वाचली. १०० ग्रॅममध्ये सोडियम १,२०० मिलिग्रॅम. कप होता ८० ग्रॅमचा, म्हणजे एका कपात ९६० मिलिग्रॅम. आता सोडियम म्हणजे काय, तर मिठातला एक भाग. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की साधारण मीठ किती ते कळतं. ९६० गुणिले अडीच, म्हणजे २,४०० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आमच्या आईंचं निम्मं मीठ सकाळी नऊच्या आतच पोटात जात होतं, आणि आम्ही दुपारच्या आमटीत चिमूट चिमूट वाचवत होतो.

आता तुमच्या हातातलं पाकीट उलटं करा. मागे एक तक्ता असतो. बहुतेक पाकिटांवर तो इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर सातवी-आठवीतल्या लेकीला नाहीतर नातवाला बोलवा. त्यांचाही अभ्यास होईल.

पहिली गोष्ट बघायची, आकडे कशाचे आहेत? बहुतेक वेळा ते १०० ग्रॅमचे असतात. शेजारी एका वेळच्या प्रमाणाचाही आकडा असतो. ते प्रमाण कंपनी ठरवते. पुड्यावर एका वेळची तीन-चार बिस्किटं धरलेली असतील, आणि आपलं पोरगं चहात बुडवून अख्खा पुडा संपवतं. म्हणून हिशोब आपल्या घरात खरंच किती खाल्लं जातं, त्याचा करायचा. टक्केवारीचा रकाना असेल तर तो मोठ्या माणसाचा आहे, दिवसाला २,००० किलोकॅलरी धरून केलेला. पाच वर्षांच्या मुलाला तो लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट, सोडियम. मोठ्या माणसाची दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम. हा एक आकडा लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, साखर. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साखर २५ ग्रॅमच्या आसपास असते. चहाच्या एका चमच्यात ५ ग्रॅम धरली, तर पाच चमचे झाले. चहातली साखर आणखी वेगळी.

चौथी गोष्ट, प्रोटीन, म्हणजे प्रथिनं. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. नाश्त्यातून दोन-तीन ग्रॅमच मिळाली, तर बाकीची सगळी दिवसभरात भरून काढावी लागतात.

पाचवी गोष्ट, घटकांची यादी. नियम असा आहे की जो घटक वजनाने सगळ्यात जास्त, तो पहिला लिहायचा. पुढे गव्हाच्या लोंब्यांचं चित्र असलं, तरी मागे पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं आणि तिसरं पामतेलाचं असेल, तर आपण काय विकत घेतलं ते कळलं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं कंपन्यांचं झालं. बचत गटाचा माल घेतला की प्रश्न मिटला. मलाही तसंच वाटायचं. म्हणून आमच्याच गटाची गोष्ट सांगते.

आमचा गट तयार उपम्याचं पीठ करतो. भाजलेला रवा, उडदाची डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता, मीठ. आठवडी बाजारात चांगलं खपतं. शहरातल्या एका दुकानदाराने माल ठेवायची तयारी दाखवली, पण म्हणाला, मागे पोषणाचा तक्ता छापा. आम्ही नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला तेव्हा बैठकीत मी तो मोठ्याने वाचला. १०० ग्रॅममध्ये सोडियम १,३०० मिलिग्रॅम. कंपनीच्या कपापेक्षाही जास्त! आणि आमच्या पाकिटावर पुढे ठळक अक्षरांत छापलं होतं, "घरगुती आणि पौष्टिक".

झालं होतं असं की मीठ अंदाजाने, मुठीने पडत होतं. खारट चव लोकांना आवडते, म्हणून मूठ हळूहळू मोठी होत गेली होती. एक मावशी म्हणाल्या, "छापून टाका बारीक अक्षरात, कोण वाचतंय?" कुणीच काही बोललं नाही, कारण त्यांचं खरंच होतं. मीही तर वाचलं नव्हतं. मग दुसऱ्या एक काकू म्हणाल्या, "माझ्या मालकांना बीपी आहे आणि मी त्यांना रोज आपलाच उपमा देते." तिथे विषय संपला.

आम्ही मीठ निम्म्यावर आणलं. मुठीऐवजी वजनकाटा आला. नमुना पुन्हा तपासून घेतला आणि तोच आकडा छापला. पाकिटावर लिहिलं, "मीठ कमी आहे, लागल्यास चवीनुसार घाला." पहिल्या महिन्यात काही गिऱ्हाइकांनी अळणी लागतो म्हणून तक्रार केली, खप थोडा उतरला. आम्ही त्यांना लिंबू पिळायला सांगतो. काही परत आली, काही अजून आली नाहीत. पण आता आमच्या पाकिटाची पुढची बाजू आणि मागची बाजू एकच गोष्ट सांगतात.

तयार पाकीट कधीच आणू नका असं मी सांगणार नाही. सकाळी किती घाई असते ते मला माहीत आहे. पण एवढं करा. मसाल्याची पुडी वेगळी असेल तर अर्धीच घाला. त्यात मूठभर भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेली मटकी किंवा शेजारी एक उकडलेलं अंडं द्या. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांतही तेवढीच. रात्रीची भाकरी उरली असेल तर तिचा फोडणीचा कुस्करा करा, पाकीट उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

आमच्या आई आता सकाळी ज्वारीच्या पिठाची उकड खातात. त्यांची गोळी चालूच आहे. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करू नका. पण गेल्या दोन तपासण्यांत बीपी आटोक्यात आहे.

या आठवड्यात प्रत्येक गटाने बैठकीला एकेक रिकामं पाकीट आणावं. सगळ्यांनी मिळून सोडियमचा आकडा शोधा आणि अडीचने गुणा. आपल्या गटाचा माल असेल तर तो सगळ्यात आधी घ्या. काय निघालं ते मला पुढच्या वेळी सांगा.

भेटू या. नमस्कार.