शुश्रूषेची पारख

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘नर्सिंग होम’ हा शब्द महाराष्ट्रात बहुधा दहा-वीस खाटांच्या खासगी रुग्णालयासाठी वापरला जातो. पाश्चात्त्य देशांत मात्र, ज्या वृद्धांना स्वतःच्या हाताने खाणे, उठणे, स्नान करणे अशक्य झाले आहे, त्यांच्या दीर्घकालीन निवासाची व सेवेची जागा असा त्याचा अर्थ आहे. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत आता अशा केंद्रांची संख्या वाढत आहे. आजच्या व्याख्यानात त्यांना ‘शुश्रूषा केंद्र’ असे म्हटले आहे.

2001 च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे 7.66 कोटी होती. 2011 मध्ये ती दहा कोटींच्या पुढे गेली. कुटुंबे लहान झाली, मुले नोकरी-व्यवसायासाठी दूर गेली. पक्षाघात झालेल्या किंवा स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या माणसाला रात्रंदिवस माणूस लागतो. अशा वेळी शुश्रूषा केंद्राचा विचार करणाऱ्या कुटुंबाला कर्तव्यशून्य ठरवणे अन्यायाचे आहे. परंतु केंद्राची पारख न करता वडीलधाऱ्यांना तेथे ठेवणे, हेही योग्य नव्हे.

अडचण अशी की, हा निर्णय बहुधा घाईत होतो. रुग्णालय सांगते, “उद्या घरी न्या”, आणि एका दिवसात जागा शोधावी लागते. मग कुटुंबीय इमारत पाहतात आणि मासिक दर विचारतात. चकचकीत फरशी, बाग, देवघर, वातानुकूलित खोली पाहून समाधान मानले जाते. कापडाचा जाणता ग्राहक ताग्याची वरची घडी पाहून माल उचलत नाही. आतली घडी उलगडतो. शुश्रूषेच्या बाबतीतही आतली घडी उलगडणे आवश्यक आहे.

या विषयाची शास्त्रीय मांडणी अवेदिस दोनाबेदियन या वैद्यकतज्ज्ञाने 1966 साली केली. सेवेचा दर्जा त्यांनी तीन अंगांनी पाहिला: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. खाटा, उपकरणे, कर्मचारी ही रचना. त्या साधनांनी प्रत्यक्ष काय केले जाते, ती प्रक्रिया. आणि त्यामुळे रुग्णाचे काय झाले, तो परिणाम. सामान्य माणूस पहिल्या अंगापाशीच थांबतो. नोंदणीचे प्रमाणपत्रही मुख्यतः त्याच अंगाविषयी सांगते. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा 1949 पासून आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा केंद्रीय कायदा 2007 साली झाला. तरीही नोंदणी म्हणजे केवळ प्रवेशद्वार होय. रात्री दोन वाजता खाटेवरील माणसाची हाक कोणी ऐकतो की नाही, हे प्रमाणपत्र सांगत नाही.

अमेरिकेचा अनुभव येथे बोधप्रद आहे. तेथील शुश्रूषा केंद्रांच्या दुरवस्थेविषयी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेचा अहवाल 1986 मध्ये आला आणि 1987 मध्ये कायदा झाला. वृद्धांना सोयीसाठी बांधून ठेवू नये, प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करून सेवेची आखणी करावी, तपासणी पथकाने पूर्वसूचना न देता जावे, अशी तत्त्वे त्यात आली. पुढे डिसेंबर 2008 पासून केंद्रांना एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू झाली. त्यासाठी पाहणी, कर्मचारीसंख्या आणि रुग्णांची स्थिती असे तीन आधार होते. पाहणी सरकारी पथक करी. पण उरलेल्या दोन्हींची माहिती केंद्रे स्वतःच पुरवीत. या पद्धतीवर टीका झाली आणि 2018 पासून कर्मचाऱ्यांची संख्या वेतनाच्या नोंदींवरून मोजली जाऊ लागली. व्यापारी वर्गाला यातील मर्म सहज उमगेल: माल विकणाऱ्याने स्वतः लावलेली चिठ्ठी म्हणजे मालाची परीक्षा नव्हे.

आता प्रत्यक्ष पारखीकडे वळू.

पहिली गोष्ट, भेटीची वेळ. व्यवस्थापकाने दिलेल्या वेळी एकदा जावे. नंतर जेवणाच्या वेळी, संध्याकाळी आणि रविवारी न सांगता जावे. ज्या केंद्रात अशा भेटीला कायम नकार मिळतो, तेथे पुढे विचारण्यासारखे फारसे उरत नाही.

दुसरी गोष्ट, त्वचा. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर शय्याव्रण होते. त्याची सुरुवात लालसर डागाने होते. बोटाने दाबूनही लाली जात नसेल तर ती धोक्याची सूचना समजावी. म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलण्याचा प्रघात आहे. कूस बदलल्याच्या वेळा कोठे लिहिल्या जातात, हे विचारावे. सर्व चौकटी एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात, एका दमात भरलेल्या दिसल्या तर त्या कागदाची किंमत ओळखावी.

तिसरी गोष्ट, वजन. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन नकळत घटणे, ही गंभीर बाब मानली जाते. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो वजन घटले, तर ताट पुढे ठेवले जाते पण घास भरवला जात नाही, असा संशय घेण्यास जागा आहे. आजाराचीही तपासणी करावी. दर महिन्याला वजन करून नोंदवले जाते का, हा प्रश्न दरपत्रकाच्या आधी विचारावा. पाण्याचा पेला खाटेजवळ आहे का आणि तो त्या माणसाच्या हाताला पोहोचतो का, हेही पाहावे.

चौथी गोष्ट, माणसे. दिवसाचे कर्मचारी सर्व दाखवतात. रात्रपाळीत किती वृद्धांमागे किती मावशी-मामा असतात आणि प्रशिक्षित परिचारिका हजर असते का, ते विचारावे. तीच माणसे वर्षभर टिकतात की दर महिन्याला नवे चेहरे येतात, यालाही महत्त्व आहे. रोजची मावशीच ओळखते की आज आजी नेहमीपेक्षा गप्प आहेत.

पाचवी गोष्ट, शांतता. ज्या दालनात भर दुपारी सर्व वृद्ध एकाच वेळी गाढ झोपलेले दिसतात, तेथे औषधांची यादी अवश्य मागावी. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारावरील काही औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 साली दिला आहे. मनगटावरील पट्ट्यांच्या खुणाही पाहाव्यात. दोरीने बांधणे आणि केवळ सोयीसाठी औषधाने गुंगवणे, यांत फार अंतर नाही.

सहावी गोष्ट जैन कुटुंबांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. कंदमूळविरहित आहार, उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी भोजन हे सर्व “होईल” असे तोंडी सांगितले जाते. स्वयंपाकघरात जाऊन, त्या वेळी स्वयंपाक खरोखर तयार असतो का, हे पाहावे. मात्र याची दुसरी बाजूही आहे. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार करून दुसऱ्या दिवशी नवकारशीनंतर अन्न घेतले तर जवळजवळ चौदा तासांचे अंतर पडते. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा त्या काळात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. नियम आणि औषधांच्या वेळा डॉक्टरांसमोर एकत्र मांडून लेखी ठरवून घ्याव्यात. कुटुंबाने नियम सांगितला आणि डॉक्टरांना कळवला नाही, तर त्याची झळ त्या वृद्धालाच लागते.

सातवी गोष्ट, भाषा. कर्मचारी वृद्धांना नावाने, आदराने संबोधतात की खाटेच्या क्रमांकाने? कपडे बदलताना पडदा ओढतात का? या गोष्टींना वेगळा खर्च लागत नाही. म्हणूनच त्यांवरून संस्थेची वृत्ती कळते. आणि ज्यांना तेथे राहायचे आहे, त्यांचे मत प्रथम विचारावे. पुष्कळदा सर्वांना विचारले जाते, फक्त त्यांनाच विचारायचे राहते.

प्रवेशानंतर पारख संपत नाही, तेथून ती सुरू होते. ज्यांच्याकडे वेळी-अवेळी कोणी येत असते, त्यांच्याविषयीची हयगय लवकर उघडकीस येते. भावंडांनी आपसांत वार वाटून घ्यावेत. पैसे पाठवणाऱ्याने पैसे पाठवले म्हणून भेटीतून सूट घेऊ नये. प्रत्येक भेटीत पाय उघडून टाचा पाहाव्यात, वजनाची नोंद वाचावी, काही खटकल्यास तारखेसह लिहून द्यावे. तक्रार केल्यास त्रास वाढेल, या भीतीने गप्प राहणाऱ्या कुटुंबांनी लेखी नोंदीचा मार्ग तरी सोडू नये.

परंतु ज्यांचे कोणी उरलेले नाही, त्यांचे काय? निपुत्रिक विधवा, परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील, अविवाहित वृद्ध असे समाजबांधव आज अशा केंद्रांत आहेत. त्यांच्या टाचा कोण पाहणार? जैन परंपरेत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, ही आभ्यंतर तपांत गणली आहे. स्थानिक संस्थांनी चार-पाच जणांचे भेट मंडळ नेमावे, त्यात शक्य तर एक डॉक्टर किंवा निवृत्त परिचारिका असावी. संबंधित वृद्धांच्या संमतीने आळीपाळीने, वार न ठरवता भेटी द्याव्यात आणि वरील सात बाबींची नोंद एका वहीत ठेवावी. यास निधी फारसा लागत नाही, वेळ लागतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक सभासदाने महिन्यातून एक संध्याकाळ या वहीसाठी द्यावी, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!